तहानेची धास्ती

"निघाले," फोन खाली ठेवत आई म्हणाल्या. "जेवायला वाटेत थांबतील. उन्हं कलायच्या आत पोचतो म्हणाले."

"बाबा आणखी काही म्हणाले?" धाकटीनं विचारलं.

"आणखी काय असणार? चहा नंतर, आधी गच्ची. लिंबू बघायचंय."

धाकटीच्या मांडीवर तिचं बाळ, पिल्लू, होतं, हातात चमचा होता आणि चमच्यात पाणी. तिनं तो तसाच धरून ठेवला. पिल्लूनं तोंड फिरवलं, मग कंटाळून तिच्या बाहीचं टोक चावायला घेतलं.

"काल तू बाग छान आहे म्हणून सांगितलंस ना त्यांना?"

"हो. सांगितलं खरं."

"मग झालं तर," आई म्हणाल्या आणि भाजी धुवायला आत गेल्या. सुनेच्या डोळ्यांकडे बघायचं नसलं की त्यांना हमखास भाजी आठवायची.

उन्हाळा तापू लागला तेव्हाच बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले होते. जाण्याच्या आदल्या दिवशी गच्चीवर सगळ्यांना बोलावून त्यांनी जे सांगितलं ते धाकटीला अजून शब्दन् शब्द पाठ होतं. "या उन्हाळ्यात माझ्याशिवाय बाग टिकली तर राहील. नाही टिकली तर मी स्वतः येऊन आवरतो. माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर किती दिवस चालवायची?" बोलताना त्यांची मान थोरल्या सुनेकडे वळली होती. थोरलीच्या खोलीचं छत नेमकं बागेखाली होतं. त्याला ओल येते, पोपडे पडतात, हे ती लग्न होऊन आल्यापासून सांगत होती, आणि छताकडे बघता ते खोटंही नव्हतं.

"मी बघते," धाकटी त्या दिवशी बोलून गेली. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण पिल्लूला दवाखान्यातून घरी आणून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. "अंगातलं पाणी कमी झालंय, आईच्या लक्षात कसं आलं नाही?" असं तिथल्या डॉक्टरीणबाई सलाईन लावताना म्हणाल्या होत्या, साध्या आवाजात, आणि ते वाक्य धाकटीच्या कानातून निघायला तयार नव्हतं. आपल्या हाताखाली काहीतरी धडधाकट राहू शकतं, हे तिला कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणाला, ते तिनं अजून ठरवलं नव्हतं.

धास्ती एकट्या तिनंच घेतली होती असंही नाही. त्या दवाखान्यानंतर सगळं घरच पाणी पाणी करू लागलं होतं. कुणी बाहेरून आलं की पेला पुढे, कुणी शिंकलं तरी पेला पुढे. दारात पत्र टाकायला आलेल्या माणसाला आईंनी इतकं पाणी पाजलं होतं की आता तो लांबूनच पत्र टाकून पळायचा.

आणि तरीही बाग मान टाकून बसली होती.

तिनं पिल्लूला आईंकडे दिलं आणि वर गेली. चप्पल घालूनही तळवे भाजावेत इतकी गच्ची तापली होती. जुन्या चादरी तिनंच दोऱ्यांना बांधून बागेवर सावली केली होती, त्याही विटून पांढुरक्या झाल्या होत्या. मोगऱ्याची पानं लोंबत होती. गुलाबाची खालची पानं पिवळी. कोपऱ्यातल्या ड्रममधली लिंबोणी तर अंग चोरून उभी असल्यासारखी, सगळी पानं आत वळलेली. त्या पानांच्या आड एकच लिंबू होतं. इतक्या वर्षांत धरलेलं पहिलं. बाबांना ते दिसलं नव्हतं, चाचपडताना हाताला लागलं होतं. "पान आणि लिंबू मला एकाच रंगाचं दिसतं बघ," ते तिला म्हणाले होते. "नवीन डोळ्यानं पहिलं हेच बघणार."

मोगऱ्याला तरी पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवावं म्हणून ती वाकली. कुंडी हलेना.

"दादा, जरा हात लावता का?"

दादा जिन्याच्या दारात ब्रश करत उभे होते. ते तिचे थोरले दीर, दातांचे डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद असायचा, ब्रश मात्र इतर दिवसांपेक्षा जास्त वेळ चालायचा. त्यांनी ब्रश गालात सरकवला, कुंडीला हात घातला आणि कण्हले.

"काय भरलंयस हिच्यात? विटा?"

"माती आहे. तहानलेली."

"तहानलेली माती इतकी जड?"

धाकटीचे हात कुंडीच्या काठावर तसेच राहिले. पिल्लूला दवाखान्यात नेलं त्या दिवशी सकाळी त्याला पाळण्यातून उचललं तेव्हा ते रोजच्यापेक्षा हलकं लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगायच्या आधी तिच्या हातांना ते कळलं होतं, तिनंच हातांवर विश्वास ठेवला नव्हता. तहानलेलं हलकं लागतं. हे जड होतं.

तिनं मातीत बोट खुपसलं. वरचा थर कोरडा, भाजका. त्याखाली बोट सर्रकन आत गेलं आणि बाहेर आलं ते चिखलानं माखून.

"दादा, हे ओलं आहे. पार खालपर्यंत."

दादांनी वाकून वास घेतला आणि ब्रश तोंडातून काढला. "थांब. हा वास माझ्या ओळखीचा आहे."

"कसला?"

"किडक्या दाताचा. आत कुजतंय काहीतरी. पेशंटही असंच सांगतो, वरून छान आहे म्हणून."

दोघांनी जोर लावून कुंडी तिरकी केली. खालची प्लास्टिकची ताटली काठोकाठ भरलेली होती, त्यात शेवाळ धरलं होतं आणि डासांच्या अळ्या वळवळत होत्या. शेजारची कुंडी, तिच्या शेजारची, सगळीकडे तेच. लिंबोणीचा ड्रम पिल्लूच्या जुन्या अंघोळीच्या टबात ठेवलेला होता, आणि टब भरलेला होता.

"तू पाणी घालतेस तरी किती?"

"सकाळी आणि संध्याकाळी. बाबांनी सांगितलं तेवढंच."

"तेवढंच?"

"खरंच तेवढंच, दादा."

दादांनी टाकीकडे बघितलं. मग ब्रशकडे. "मीही घालतो," ते म्हणाले. "उजाडता व्यायामाला येतो ना, तेव्हा. एकेक झारी. म्हटलं, पिल्लूच्या गडबडीत तुला जमत नसेल. तुला वाईट वाटायला नको म्हणून बोललो नाही."

*

आपल्या छतावर कुणीतरी जड सामान ओढतंय हे थोरलीनं खोलीत पडल्यापडल्या ओळखलं. तिच्या शाळेला सुट्टी होती. वर्षभर पोरांना गणित शिकवून झाल्यावर सुट्टीत तिला फक्त पडून छताकडे बघायचं असायचं, आणि बघायला तिथे काय, तर ओल. एका डागाचा आकार गेल्या महिन्यात बदकासारखा होता, आता त्याला मानही फुटली होती.

ती वर गेली तेव्हा नवरा आणि धाकटी जाऊ एका ताटलीशेजारी उकिडवे बसले होते, कुणीतरी गेल्यासारखे.

"ताटल्या मी ठेवल्यात," ती दारातूनच म्हणाली. "सांगून ठेवल्यात. टबही मीच ठेवला. पाणी गच्चीत मुरायला नको म्हणून. आता त्यातही माझी चूक असेल तर सांगा."

"चूक कोण म्हणतंय?" दादा म्हणाले.

"चेहरे म्हणतायत."

"वहिनी, रागावू नका," धाकटी म्हणाली, "पण तुम्ही पाणी नाही ना घालत झाडांना?"

"मी कशाला घालू?" हे उत्तर थोरलीच्या जिभेवर तयार होतं. बाग हटवा, हे तिनं इतक्यांदा आणि इतक्या जणांसमोर म्हटलं होतं की दुसरं उत्तर तिलाच शोभलं नसतं. पण दुपारी कपडे काढायला वर यायचं आणि ती मान टाकलेली गुलाबं बघत कपड्यांच्या घड्या करायच्या, हे तिला जमलं नव्हतं. वर्गात एखादं पोर डबा विसरून येतं, सगळे खात असताना वहीत तोंड घालून बसतं, तसं काहीतरी वाटायचं. पहिल्या दिवशी तिनं एक मग ओतला होता, फक्त गुलाबाला. मग मोगऱ्याकडे बघवेना.

"दुपारी," ती म्हणाली. "कपडे काढायला येते तेव्हा. अर्धी बादली. असेल एखादी."

"तू?" दादा म्हणाले.

"का, मी माणूस नाही?"

जिन्यातून आईंचा आवाज आला. "काय झालं? कोण पडलं?" त्या एका कडेवर पिल्लू आणि दुसऱ्या हातात पातेलं घेऊन वर आल्या. तिघांचीही नजर पातेल्यावर गेली.

"भाजी धुतलेलं पाणी आहे," आई म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं?"

"आई, तुम्ही हे रोज घालता?"

"रोज कुठे गं. दोन वेळा."

दादा हसायला लागले. हसता हसता त्यांनी भिंतीला टेकून खाली बसून घेतलं आणि गच्ची किती तापलीय ते कळल्यावर तितक्याच वेगानं उठले. पिल्लूला ते फार आवडलं. धाकटी मात्र हसली नाही. ती लिंबोणीच्या टबाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ही आता रडणार, थोरलीनं ओळखलं. वर्गातल्या पोरांचंही असंच होतं. बेरीज चुकली हे कळतं तेव्हा नाही, ती पहिल्या ओळीपासून चुकत आली हे कळतं तेव्हा.

खरं म्हणजे आज थोरलीला काहीच करायचं नव्हतं. खाली जाऊन पडून राहिली असती तर संध्याकाळी बाबांनी स्वतःच्या हातानं बाग आवरली असती, पावसाळ्याआधी छताची डागडुजी झाली असती आणि बदकही गेलं असतं. तिला कुणी बोल लावला नसता.

"विटा कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"कसल्या विटा?" धाकटी म्हणाली.

"टाकीमागे पडल्यात ना बांधकामाच्या? कुंड्या उचलून त्यांच्यावर ठेवायच्या. खालून वारा लागला तर वाळतील. आणि तू रडणार असलीस तर आत्ताच रडून घे, नंतर हात चिखलाचे होतील. डोळे पुसता येणार नाहीत."

धाकटी रडता रडता हसली. "बाबांना काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही," आई म्हणाल्या. "उन्हानं झालं म्हणायचं. यंदा ऊन आहेच तसं."

"बरोबर आहे," दादा म्हणाले. "ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास कशाला?"

"ऊन बिचारं वेळेवर येतं, वेळेवर जातं," थोरली म्हणाली. "त्याच्यावर काय ढकलताय? त्यांनी एका कुंडीत बोट घातलं की झालं. मग आपण चौघं खोटारडे, आणि तेही चिखलात पकडलेले."

"मी खरं सांगणार," धाकटी म्हणाली. "काल मी छान आहे म्हणाले, तेवढं एक खोटं पुरे."

आईंनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. या घरात दोघी जावा एका बाजूला कधी नसायच्या. पंखा किती वेगात लावायचा यावरही नसायच्या. "बरं बाई," त्या म्हणाल्या. "दोघींपुढे मी काय बोलणार." आणि पातेल्यातलं पाणी कुठे ओतावं हे न कळून त्या ते तसंच घेऊन खाली गेल्या.

*

"टायर पंक्चर," बाबांनी वाचलं. "गरम चहा. घर भाड्यानं देणे आहे. इथे गाड्या लावू नयेत."

"बाबा, पुरे," शेजारी बसलेली लेक म्हणाली. घरात पिल्लू आल्यापासून ती सगळ्यांचीच आत्या झाली होती, बाबाही तिला आत्याच म्हणायचे. ती बस कंपनीत वेळापत्रकं आखायची, त्यामुळे गाडी कितीला कुठे असायला हवी होती हे ती मधूनमधून उगाच सांगायची. "डोळा एक आणि पाट्या किती. थकेल तो."

"थकू दे. बरेच दिवस रिकामा बसला होता." बाबांनी काळ्या चष्म्याआडून खिडकीबाहेर बघितलं. रस्त्याकडेची झाडं धूळ पिऊन उभी होती. पानं सुटी सुटी दिसत होती, एकेक. त्यांना हे असं दिसतं याचा विसर पडला होता. "काय रे," ते पुढे गाडी चालवणाऱ्या धाकट्याला म्हणाले. "खरं सांग. वर कुणी फिरकतं का?"

"फिरकतं म्हणजे?"

"म्हणजे बागेकडे. तुझ्या बायकोशिवाय कुणी?"

धाकटा आरशात बघून घुटमळला. कामावरून परतताना बाटलीत उरलेलं पाणी तो रोज संध्याकाळी, कपडेही न बदलता, लिंबोणीच्या ड्रममध्ये ओतायचा. ती आपल्या त्या बाटलीवरच तगून आहे अशी त्याची मनोमन खात्री होती. पण बायकोनं अंगावर घेतलेल्या कामात लुडबुड केली हे सांगायला नको, असंही त्याला वाटे.

"आता कसं सांगू," तो म्हणाला. "दादाला दवाखाना. वहिनीचं तुम्हाला माहीतच आहे. आईचे पाय दुखतात."

"म्हणजे ती एकटी."

"मी आहे ना. अधूनमधून."

पुढे दोन पाट्या आल्या, बाबांनी त्या वाचल्या नाहीत. "आत्या," ते म्हणाले, "आज जाऊन आवरून टाकतो. लहान मूल पदरात असलेल्या पोरीच्या गळ्यात मी हे टाकायलाच नको होतं. घरात दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. एकाचा छंद दुसऱ्यावर लादू नये."

"आणि लिंबोणी?"

"देऊ कुणाला तरी. ज्याच्याकडे जमीन असेल त्याला." ते खिडकीकडे वळले. "लिंबू तेवढं बघतो आधी."

*

दुपारभर घरात स्वयंपाक झाला नाही. काल उरलेलं होतं ते उभ्यानं खाऊन सगळे पुन्हा वर. ताटल्या रिकाम्या झाल्या, घासून पालथ्या पडल्या. छोट्या कुंड्यांमधली रोपं मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून धाकटीनं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळली. कागद भिजला की थोरली तो सोडून कोरडा बांधायची, आणि बांधताना प्रत्येक पुडीला दटावायची, "आता पिशील? पिशील परत एवढं?" सडकी मुळं दादांनी कात्रीनं छाटली. लिंबोणीचा ड्रम तिघांनी मिळून टबातून काढून तिरका केला, खाली विटा सारल्या आणि दादा पोटावर आडवे झाले. तळाची भोकं गाळानं बुजली होती. ते दवाखान्यातली जुनी हत्यारं घेऊन आले होते.

"तोंड मोठं उघडा," ते ड्रमला म्हणाले. "दुखलं तर हात वर करा."

भोक मोकळं झालं तसं काळं पाणी भळभळा बाहेर आलं, नेमकं त्यांच्या बाहीत. वास असा की आई नाकाला पदर लावून पिल्लूला घेऊन जिन्यात जाऊन बसल्या. थोरलीनं ते पाणी गच्चीतून बाहेर पडायच्या तोटीकडे लोटायला झाडू घेतला. आपल्या छतावरून कुठलं पाणी कुठे चाललंय हे ती अशी पहिल्यांदाच बघत होती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा बाग कुणी मारामारी करून आल्यासारखी दिसत होती. निम्मी झाडं कागदात, निम्मी विटांवर, लिंबोणी कलती.

बाबा जिना चढून वर आले आणि दारातच थांबले. मागून आत्या आणि धाकटा. सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला होता. बाबांनी काळा चष्मा काढला. बोलायचं काय ते धाकटीनं दुपारभर घोकून ठेवलं होतं, पण तोंड उघडलं तेव्हा त्यातलं काहीच आलं नाही.

"बाबा, पाणी जास्त झालं," ती म्हणाली. "काल मी छान आहे म्हणाले, ते छान नव्हतं. मला वाटत होतं उन्हानं कोमेजतायत. म्हणून मी घालत राहिले."

"ती एकटी नाही," थोरली म्हणाली. "मी रोज दुपारी. आणि ताटल्या माझ्या, टब माझा. पाणी जायची वाट मीच बंद केली."

"उजाडता मी," दादा म्हणाले.

"भाजीचं पाणी," आई म्हणाल्या. "दोन वेळा."

धाकट्यानं बहिणीच्या आड उभं राहायचा प्रयत्न केला. आत्यानं त्याला कोपरानं पुढे ढकललं. "संध्याकाळी बाटली," तो म्हणाला. "पण फक्त लिंबोणीला."

"तू पण?" धाकटी म्हणाली.

"तू थकलेली असायचीस."

बाबा एका कुंडीपाशी गेले. मोगऱ्याच्या मातीत बोट घातलं, काढलं, नाकाशी धरलं. मग ड्रमपाशी जाऊन लिंबोणीच्या खोडावर नखानं बारीकसं खरवडलं आणि डोळा अगदी जवळ नेला.

"हिरवं आहे," बाबा म्हणाले. "आत हिरवं आहे अजून."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून आई पुढे सरसावल्या, तर ते हसत होते.

"सगळे?" ते म्हणाले. "सगळेच्या सगळे? गाडीत बसून मी वाटभर वाईट वाटून घेतलं, की वर कुणी फिरकत नाही. सुकेल अशी भीती होती मला. हिला तुम्ही बुडवाल हे कुणी सांगितलं असतं तर मी ऑपरेशनच पुढे ढकललं असतं."

आता हसायला हरकत नाही असं वाटून सगळे हसले. बाबांनी पानं बाजूला केली. लिंबू होतं, बोरापेक्षा थोडं मोठं, गडद, चकचकीत. त्यांनी ते इतका वेळ पाहिलं की हसणारेही मागून वाकून बघू लागले.

"सालीवर बारीक बारीक ठिपके असतात," ते म्हणाले. "विसरलोच होतो." आणि दोन बोटांत देठ धरून त्यांनी लिंबू तोडलं.

"बाबा," धाकटी कळवळून म्हणाली. "ते तरी राहू द्यायचं. तुम्ही बघावं म्हणून तर..."

"बघितलं की. हिची मुळं दुखावलीत, आता हिला फळ पोसायला लावायचं नाही. आधी ती उभी राहू दे. लिंबं काय, पुढच्या वर्षी येतील."

"पुढच्या वर्षी?" आत्या म्हणाली. "गाडीत तर आवरून टाकतो म्हणत होतात."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी थोरलीकडे पाहिलं. "अट माझीच होती," ते म्हणाले. "माझ्याशिवाय टिकली तर. टिकली म्हणवत नाही. आणि छताचा त्रास खरा आहे, तो मी उगाच इतकी वर्षं कानाआड केला."

"छताचं माझ्यावर सोडा," थोरली म्हणाली. तिच्या केसांत वर्तमानपत्राचा कपटा अडकला होता. "इथलं पाणी कुठे तुंबतं ते आज मला कळलं. कुंड्या विटांवर राहतील, तोटी दर आठवड्याला मी साफ करणार आणि डागडुजी पावसाळ्याच्या आत करायची, ती कुणी टाळायची नाही. एवढं होणार असेल तर माझं बागेशी काही भांडण नाही. पण पाणी एकानंच घालायचं."

"मी घालतो," दादा आणि धाकटा एकदम म्हणाले. आईंनीही हात किंचित वर केला होता.

"जड कुंडी म्हणजे ओली कुंडी हे जिला कळलं, तिनं," थोरली म्हणाली. "बाकीचे इतके दिवस रोज झाडांना बघत होते, एकानं उचलून पाहिली नाही. मीसुद्धा."

बाबांनी लिंबू धाकटीच्या हातात ठेवलं. तिच्या कडेवरच्या पिल्लूनं ते तत्काळ हिसकावून तोंडात घातलं. तिचा हात पुढे झाला, अडकेल, सोसणार नाही, कडू असेल. मग तो तिनं हनुवटीखाली नुसता धरून ठेवला. दात नसलेल्या हिरड्यांनी पिल्लूनं साल चावली. चेहऱ्याचा चोळामोळा झाला, अंगभर एक शिरशिरी गेली, आणि मग त्यानं ते पुन्हा तोंडात घातलं.

"आजोबांवर गेलाय," आई म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थोरली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसली होती. कालच्या धांदलीतून वाचलेलं तेवढं एकच होतं.

"कुठे निघालात, आई?"

"कपडे वाळत घालते."

"बादली दाखवा."

"आता सासूची झडती घेणार?"

थोरलीनं ओल्या चादरीखाली हात घातला आणि पाण्यानं भरलेली बाटली बाहेर काढली. आई बाटलीकडे, ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या बघत राहिल्या. "गुलाबाचं तोंड फार सुकलं होतं गं काल," त्या म्हणाल्या. "घोटभर."

"घोटभर नाही आणि थेंबभरही नाही. यांच्याही व्यायामाला आजपासून खालचं अंगण आहे."

वर धाकटी एकेका कुंडीशी वाकत होती. मोगऱ्याची दोन पानं रात्रीतून सरळ झाली होती. गुलाबाचं काही सांगता येत नव्हतं. लिंबोणीची पानं अजून आतच वळलेली होती, पण कालच्यासारखी लिबलिबीत नव्हती, बोटांना ताठ लागत होती. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं आणि तिच्या हाताला झारीची इतकी सवय झाली होती की तो दोनदा टाकीकडे वळला. दोन्ही वेळा तिनं तो परत आणला आणि मातीत बोट घातलं. ओलं. पुढच्या कुंडीत घातलं. ओलं.

"काय गं," खालून बाबांचा आवाज आला. नवीन डोळ्याला ऊन नको म्हणून त्यांना सकाळी वर यायला आत्यानं बंदी घातली होती. "द्यायचं का पाणी?"

तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं. अंगणात सगळे जमले होते. बाबा काळ्या चष्म्यात, दादा घामाघूम, धाकटा कामावर निघालेला, आई रिकामी बादली घेऊन, जिन्यातून उठून आलेली थोरली, आणि आत्याच्या कडेवर पिल्लू. सगळ्यांच्या माना वर.

"नाही," ती म्हणाली.

"संध्याकाळी?" दादांनी विचारलं.

"नाही."

"मग उद्या तरी?" आई म्हणाल्या.

"उद्या मी उचलून बघीन," धाकटी म्हणाली, "आणि मग सांगीन."